सोसलेचा उतार

म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपूरजवळ कावेरीकाठी सोसले हे गाव आहे. व्यासराज मठामुळे माध्व मंडळींना ते ठाऊक असतं. फौजी माणसाला ते दुसऱ्या कारणाने ठाऊक असायला हवं. लांब पल्ल्याचा मार्च कसा आखावा आणि कसा आखू नये, दोन्ही या टापूत आठ वर्षांच्या अंतराने दिसलं. पहिल्या वेळी आपली मराठी फौजही त्यात होती.

मे १७९१. लॉर्ड कॉर्नवॉलिस बंगळूरहून श्रीरंगपट्टणवर निघाला. वाट कनकनहळ्ळी, मळवळ्ळी, अरकेरे. टिपूने पुढचा चारा आधीच जाळून टाकला होता. बैल वाटेत मरू लागले, तोफा माणसांनी ओढल्या. १५ मे रोजी अरकेरेची लढाई इंग्रजांनी जिंकलीसुद्धा, पण कावेरी चढली होती, उतार मिळेना. मग वरच्या अंगाला कन्नंबाडीपर्यंत गेले (आज तिथे कृष्णराजसागर धरण आहे). पाऊस, रोगराई, रिकामी पोती. शेवटी जड तोफा स्वतःच्याच हातांनी फोडून साहेब मागे फिरला. लढाई जिंकून माघार! आम्हाला रूट मार्चच्या आधी पाणी, शिधा आणि पाय या तिन्हींचा हिशोब घोकून घेतात, तो उगाच नाही.

मेलुकोट्याजवळ घोडेस्वार दिसले तेव्हा इंग्रजांना ते शत्रूचेच वाटले. निघाले मराठे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन जवळ आले होते, पण टिपूचे स्वार मधल्या मधे जासूद कापत असल्याने कॉर्नवॉलिसला पत्ताच नव्हता. मराठ्यांच्या छावणीत भरला बाजार होता. उपाशी फौज त्यावर तगली. भाव फार लावला, अशी कुरकुर इंग्रज करत राहिले. माझं मत विचाराल तर, वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून शेकडो कोस आलेलं धान्य परमुलखात स्वस्त मिळेल, असं धरून चालणाऱ्यानेच हिशोब चुकवलेला असतो.

दुसरी वेळ मार्च १७९९. या खेपेला मराठे नव्हते. जनरल हॅरिसबरोबर निजामाची फौज होती आणि बैलांचा प्रचंड तांडा. तेही बंगळूरच्या आसपास चाऱ्याविना पटापट मरत होते. २७ मार्चला मळवळ्ळीला लढाई झाली. आता हा जुन्याच वाटेने अरकेरेला जाणार, हा टिपूचा अंदाज. त्या वाटेचा चारा त्याने नष्ट केला. हॅरिसने मात्र सोसलेच्या उताराची टेहळणी करून घेतली आणि ३० मार्चला फौज तिथून पलीकडे उतरवली. इकडे कुणी जाळपोळ केली नव्हती. गावांत चारा, धान्य, गुरं, सगळं मिळालं. नकाशावर ही हुशारी दिसते. ज्याच्या गोठ्यातला बैल गेला, त्याच्या लेखी दोन्ही फौजा सारख्याच.

तरीही हिशोब पुरा सुटला नव्हता. सोसले ते श्रीरंगपट्टण फार तर चाळीस किलोमीटर, आपण एका रात्रीत तोडू असं अंतर. त्या लवाजम्याला ५ एप्रिल उजाडला. वेढा पडला आणि एप्रिलच्या मध्यावर तांदळाची पोती मोजली, तर कागदावर होता तेवढा तांदूळ पोत्यांत नव्हता. अर्ध्या शिध्यावरही तीन आठवडे निघणार नव्हते. कावेरीला पूर येण्याचे दिवसही जवळ येत होते. म्हणजे थांबून किल्ला उपाशी पाडावा, ही सोयच उरली नाही. आधी आपणच उपाशी पडलो असतो, हे हॅरिसला कळलं होतं. फ्लॉइडला घोडदळासह धान्य आणायला पाठवलं आणि इकडे तटाला भगदाड पाडायची घाई सुरू झाली.

४ मेच्या दुपारी हल्ला झाला. टिपू लढता लढता पडला. फ्लॉइड धान्याचा काफिला घेऊन परतला तोवर किल्ला पडून आठवडा उलटून गेला होता.