बाटली क्रमांक ५३ एन

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेलं वर्षभर पेशी-उपचार बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेची प्रणाली लिहितोय. त्यात 'रिलीज' नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की पेशींची पिशवी रुग्णाकडे रवाना होते. निर्जंतुकतेच्या चाचणीचा अंतिम निकाल आलेला नसतानाही ते दाबता यावं, अशी मागणी आली. मला ती सरळसरळ चूक वाटली. मग मी मुल्कोवालबद्दल वाचलं.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वातानं दगावले. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती. क्रमांक ५३ एन.

चौकशी आयोगानं ठपका परळवर ठेवला. हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पण गावात बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. शिवाय बाटलीत ते आधीपासून वाढत असते तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. १९०७मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

त्या संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. २०२३मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचारात आयआयटी मुंबईसोबत टाटा मेमोरियलचाही वाटा आहे.

हाफकिन यांची लस मेलेल्या जंतूंची होती, ती तापवता येत होती. पेशी तापवल्या तर मरतात. जंतू अडवणाऱ्या गाळणीत त्याही अडकतात. म्हणून सुरुवातीपासून स्वच्छता पाळायची आणि शेवटी तपासायचं, एवढंच हातात उरतं. रूढ चाचणीत नमुना दोन पोषक द्रावणांत १४ दिवस ठेवतात. मायकोप्लाझ्माच्या कल्चरला २८ दिवस लागतात. गोठवून ठेवता येणाऱ्या पेशी थांबू शकतात. ताज्या पेशी काही तासांत किंवा दिवसांत निकामी होतात. तेव्हा ग्रॅम स्टेन, एंडोटॉक्सिन अशा झटपट चाचण्यांवर विसंबून पिशवी पाठवतात आणि कल्चर मागे चालूच राहतं. निकाल चांगला आला तरी तो नमुन्याचा असतो, अख्ख्या पिशवीचा नाही.

म्हणजे मागणी चूक नव्हती. चूक माझ्या डोक्यात होती: 'पास' म्हटलं की विषय संपला.

५३ एनमध्ये जंतू नेमका कधी शिरला, यावर पाच वर्षं वाद चालला, आणि त्यात एका माणसाची उमेद गेली. म्हणून मी बटण ठेवलं. पण ते दाबणाऱ्याचं नाव, कारण आणि बाकी असलेल्या चाचण्या नोंदवल्याशिवाय ते चालत नाही. पिशवी कोणी, कधी, कुठे उघडली, याचीही नोंद होते. आणि नवव्या दिवशी द्रावण गढूळ झालं, तर कोणत्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा, तो नंबर आधीच भरावा लागतो.

ती चौकट रिकामी ठेवून पुढे जाता येत नाही.