मोटारीचा लपंडाव

यंत्रांतील जो दोष सदैव हजर असतो तो कारागिराला लवकर सांपडतो. जो येतो आणि जातो, तो मात्र भल्याभल्यांस चकवितो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची जुनी एम.जी. टी.सी. मोटार ऐन वैशाखांत डोळखांबहून निघाली आणि शहापूरवरून कसाऱ्याच्या थळ घाटांत चढतांना तीन वेळां बंद पडली. तीनही वेळां घटकाभरानें ती कांहींच न घडल्याप्रमाणें चालूं लागली.

अशा वेळीं बहुतेकांचा हात प्रथम ठिणगीच्या तारांकडे जातो. या संशयाला इतिहास आहे. आरंभींच्या मोटारींत वेळेवर ठिणगी पाडणें हेंच सर्वांत नाजूक काम होतें. १९०२ सालीं जर्मनींत बॉशच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. पुढें अमेरिकेंत केटरिंगनें बॅटरी व कॉइल यांची योजना प्रचारांत आणली. तरी जुना संशय गेला नाहीं. पेट्रोलवर कोणी फारसा आळ घेत नसे, कारण पुष्कळ गाड्यांत तें आपल्या वजनानेंच इंजिनाकडे उतरे. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या टी मोटारींत पेट्रोल कमी असलें म्हणजे उभ्या चढावर तें पुढें पोहोंचत नसे. मग चालक गाडी फिरवून उलट्या पावलीं चढ चढवीत! दोष गंमतीचा खरा, पण निदान कळण्याजोगा.

टी.सी.ची गोष्ट निराळी. १९४५ ते १९४९ या काळांत इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें या गाड्या सुमारें १०,००० झाल्या. इंजिन १२५० घनसेंटिमीटरचें, टांकी पाठीमागें, आणि पेट्रोल ओढणारा एस.यू.चा विजेचा पंप पुढें बॉनेटखालीं. या पंपांत विद्युच्चुंबक एक पडदा ओढतो. ओढ पुरी होतांच स्पर्शबिंदू सुटतात, स्प्रिंग पडद्याला मागें ढकलते, बिंदू पुन्हां जुळतात. त्याची टकटक कान देऊन ऐकण्याजोगी असते.

आमच्या गृहस्थांनीं गाडी एका कारखान्यांत नेली. तेथें कॉइल, कंडेन्सर, प्लग सारें नवें बसलें. गाडीबरोबर इंग्लंडाहून आलेली मूळ कॉइल भंगारांत गेली. गाडी चालली, आणि रोग बरा झाला असें ठरलें. पण ती तर कांहींएक न करतांहि पुन्हां चालत होतीच! पुढच्या रविवारीं घाटांत ती पुनश्च थांबली. मागें मालमोटारींची रांग, आणि दिवस मावळत आलेला.

या वेळीं मात्र गाडी निवण्याची वाट पाहिली नाहीं. जो दोष पळून जातो, त्याची चौकशी तो हजर असतांनाच करावी लागते. एका प्लगची तार सोडवून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली, तों ठिणगी निळी व जोमदार. टांकीचें झांकण उघडलें; आंत हवा ओढली जाण्याचा आवाज नाहीं, म्हणजे हवेचें भोंक मोकळें. उरला पंप. उन्हानें पेट्रोलची वाफ झाली असती, तर पंपानें रिकामी वाफ ओढीत भराभर टकटक चालविली असती. येथें चावी फिरवूनहि तो मुका! पान्याच्या दांड्यानें त्याला हलकेच ठोकलें, आणि टकटक सुरू झाली. उघडून पाहतां स्पर्शबिंदू वारंवारच्या ठिणग्यांनीं काळे व खडबडीत झालेले आढळले. कधीं जुळत, कधीं न जुळत. बारीक पॉलिश कागदानें ते साफ केले, आणि अंधार पडण्यापूर्वीं गाडी इगतपुरीस पोहोंचली.

मूळ कॉइलचा शोध दुसऱ्याच दिवशीं सुरू झाला. ती भंगारवाल्याकडे मिळाली नाहीं.