छी-छी : एका उपहासाची कुळकथा

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. आज तेथे संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या असून महाराष्ट्रातून गेलेली पुष्कळ तरुण मंडळी तेथे नोकरी करतात. नाव ऐकून ही पूर्वी गोऱ्यांची शेती असावी, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ते नाव डेव्हिड एमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाइट या गृहस्थांचे आहे. आणि हे गृहस्थ ज्या समाजाचे पुढारी होते, त्या समाजाला गोरे लोक आपल्या पंगतीस बसवून घेत नव्हते. युरोपीय पिता आणि हिंदी माता यांच्या वंशातला हा समाज. त्याची मातृभाषा इंग्रजी. आणि त्याची हेटाळणी करणारे शब्दही इंग्रजीतलेच.

परंतु हे शब्द इंग्रजीत आले कोठून, हे पाहू गेल्यास गंमत वाटते, आणि थोडी शरमही. यूल आणि बर्नेल या दोघा पंडितांनी रचलेला ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द त्यात गोळा केलेले आहेत. त्यात ‘ची-ची’ असा एक शब्द आहे. मिश्र रक्ताच्या लोकांसाठी आणि त्यांच्या हेल काढून बोलण्याच्या पद्धतीसाठी वापरावयाचा तुच्छतादर्शक शब्द, असा त्याचा अर्थ कोशकारांनी दिला आहे. आणि त्याचे मूळ कोणते? तर आपले ‘छी’! मराठी घरातली आजी मातीत हात घालणाऱ्या नातवाला जे ‘छी’ म्हणते, तेच हे. या लोकांच्या तोंडी तो उद्गार सारखा असतो, अशी समजूत होती. म्हणून त्यांच्याच तोंडचा शब्द उचलून त्यांच्याच कपाळी चिकटविण्यात आला. एखाद्याची छी-थू करण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. पण ‘छी’ हेच एका अख्ख्या समाजाचे नाव करण्याची कल्पना मात्र साहेबाची.

‘हाफ-कास्ट’ या शब्दाची कथा याहून लांबची. त्यातला ‘कास्ट’ पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आला. पोर्तुगीजांनी आपल्याकडील जातींना तो शब्द लावला, इंग्रजांनी तो त्यांच्याकडून उचलला, आणि मागे ‘अर्धा’ जोडून शिवी तयार केली. बोलण्यात आणखी एक हिशेबी प्रकार होता. अमक्याच्या अंगात दोन आणे काळे रक्त आहे, असे म्हणावयाचे. आपण अस्सल वस्तूला सोळा आणे खरी म्हणतो. तीच मोजणी येथे माणसाच्या रक्ताला लावलेली होती.

हे सारे क्लबातले विनोद म्हणून सोडून देता आले असते. पण शब्दामागे हुकूम उभे होते. ज्यांच्या आईबापांपैकी एक हिंदी आहे अशांना कंपनीच्या मुलकी, लष्करी व आरमारी नोकरीत घेऊ नये, असे १७९१ साली ठरले. १७९५ मध्ये त्यांना फौजेत फक्त बासरीवाले, नगारजी, बँडवाले आणि नालबंद एवढ्याच जागा उरल्या. जेम्स स्किनर या तरुणाचा बाप स्कॉटिश आणि आई रजपूत. कंपनीचे दार बंद, म्हणून तो शिंद्यांच्या कवायती पलटणींत शिरला. १८०३ साली इंग्रज-मराठा युद्ध भडकले, तेव्हा शिंद्यांच्या फ्रेंच सरदाराने त्याला इंग्रजांचा म्हणून काढून टाकले. इंग्रजांना तो हिंदी वाटत होता, शिंद्यांच्या छावणीत तो इंग्रज ठरला. पुढे त्याच्या घोडदळाचे इंग्रजांनी किती कौतुक केले, ते सर्वांस ठाऊक आहे. गरज पडली म्हणजे रक्तातले आणे कोणी मोजत नाही.

येथे इंग्रजांना एकट्यालाच दोष देता येणार नाही. ‘वर्णसंकर’ हा आपला शब्द ‘हाफ-कास्ट’पेक्षा सौम्य आहे, असे कोण म्हणेल? बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर १७६१ साली पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढून मेला. परंतु पेशव्यांच्या घराण्यात त्याला इतर मुलांच्या बरोबरीची जागा मिळाली नव्हती.

व्हाइट यांनी या हेटाळणीला लेखांनी उत्तर देण्यापेक्षा जमिनीने उत्तर द्यावयाचे ठरविले. १८८१ साली म्हैसूरचे राज्य इंग्रजांनी वडियार घराण्याकडे परत सोपविले होते. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, महाराज चामराजेंद्र वडियार यांनी म्हैसूर व कुर्ग येथील युरेशियन व अँग्लो-इंडियन असोसिएशनला वसाहतीसाठी ३,९०० एकर जमीन दिली. मध्ये मोकळे मैदान आणि त्याभोवती वर्तुळाकार घरे, अशी गावाची आखणी झाली. नांगर धरणाऱ्या माणसाला कोणी अर्धा म्हणणार नाही, अशी यामागची आशा असावी. ती फारशी फळली नाही. रेल्वे आणि तारखाते यांतल्या पगाराची सवय झालेल्या समाजाला शेती मानवली नाही, आणि व्हाइटफील्ड बराच काळ निवृत्तांचे शांत खेडे म्हणूनच राहिले.

लढा राहिला तो नावाचा. ‘युरेशियन’ हा शब्द मूळचा निरुपद्रवी. पण वापरणाऱ्यांच्या सुरामुळे तोही लवकरच विटाळला. ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव तेव्हा हिंदुस्थानात राहणाऱ्या अस्सल इंग्रजांचे होते. ‘केसरी’च्या काळच्या मराठी लिखाणात ‘अँग्लोइंडियन पत्रे’ असे येते, तेव्हा हिंदी राजकारणाला विरोध करणारी इंग्रजांची वर्तमानपत्रे अभिप्रेत असतात. म्हणजे मराठी वाचकाच्या कानाला तो शब्द प्रतिपक्षाचा. १९११ च्या खानेसुमारीपासून सरकारने तेच नाव या मिश्र समाजास अधिकृतपणे दिले. आजचा वाचक जुना अग्रलेख वाचताना येथे हमखास फसतो.

स्वतंत्र भारताच्या घटनेतही हे नाव आले. अनुच्छेद ३६६ मधील व्याख्येनुसार ज्याचा पिता किंवा पितृवंशातील कोणी पुरुष युरोपीय होता आणि जो भारतात स्थायिक आई-वडिलांच्या पोटी जन्मला, तो अँग्लो-इंडियन. लोकसभेत या समाजाचे दोन सभासद नेमण्याची तरतूद होती; ती २०२० च्या जानेवारीत संपली. व्याख्या सभ्य आहे, तीत कोठेही उपहास नाही. मात्र १७९१ साली जिच्यामुळे या मुलांना नोकरीचे दार बंद झाले, ती हिंदी आई तिच्यात वेगळी दिसत नाही. वंश मोजला आहे तो बापाकडून.