चार टक्के उशीर कुणामुळे?

मोबाइलवर एखादं बटण दाबण्याआधी आपण किंचित थांबतो. ‘आता काय करायचं होतं?’ एवढाच तो क्षण. १९८० साली या क्षणाला एक आकडा मिळाला: १.३५ सेकंद.

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रातले स्टुअर्ट कार्ड आणि थॉमस मोरान, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातले ॲलन न्यूएल, हे तिघं संगणक वापरणाऱ्या माणसांचा अभ्यास करत होते. सराव असलेल्या माणसाला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात, माउसने नेमक्या जागी पोचायला १.१, कीबोर्डवरून माउसवर हात न्यायला ०.४. आणि पुढच्या कृतीसाठी मनाची जुळवाजुळव करायला १.३५. यांची बेरीज केली, की एखादं काम किती वेळ घेईल हे यंत्र बनण्याआधीच सांगता येतं. १९८३ साली या तिघांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॲक्शन’ हे पुस्तक आलं आणि या विद्याशाखेचा पाया घातला गेला.

माणसाला असं सेकंदांत मोजणं मला मुकादमाच्या घड्याळाची आठवण करून देतं. पण हीच मोजणी कामगाराच्या बाजूने साक्ष देऊ शकते. त्याचं उदाहरण म्हणजे ‘प्रोजेक्ट अर्नेस्टीन’.

नायनेक्स ही न्यू यॉर्क आणि न्यू इंग्लंड भागातली टेलिफोन कंपनी. तिथले ऑपरेटर लोकांचे कॉल जोडून देत. पैसे कोण भरणार हे विचारून घेत, कार्डाचा नंबर टाइप करत. कॉलमागे सरासरी एक सेकंद वाचला, तर कंपनीचे वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर वाचणार होते. नवी यंत्रं आली. स्क्रीन झपाट्याने भरणारा, कळाही कमी दाबायच्या. काम वेगाने होणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं.

वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवूड यांनी न्यूएल-परंपरेतली मोजणी पुढे नेली. ऑपरेटर ऐकता ऐकता बघतो, बोलता बोलता टाइप करतो. तेव्हा नुसती बेरीज पुरत नाही. काय कशासाठी अडून बसलंय, हे पाहावं लागतं. घरचंच बघा: कुकर व्हायचा असताना कोशिंबीर दुप्पट वेगाने चिरली, म्हणून जेवण लवकर होत नाही. नव्या यंत्राने कमी केलेल्या कळा अशाच होत्या. गिऱ्हाईक बोलत असताना त्या आपोआप दाबून होत. त्यांना वेगळा वेळ लागतच नव्हता. उलट एक कळ कॉलच्या शेवटी गेली, जिथे दुसरं काहीच चालू नसे. तिथे मात्र प्रत्येक वेळी थांबावं लागे.

मोजणीचं भाकीत होतं, की नवं यंत्र सुमारे ३ टक्के हळू चालेल. चार महिन्यांच्या प्रत्यक्ष चाचणीत ७८,२४० कॉल तपासले गेले. नवं यंत्र सुमारे ४ टक्के हळू निघालं. कंपनीने ते घेतलं नाही. १९९३ साली हा सगळा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मला यातली किंमत डॉलरपेक्षा वेगळीकडे दिसते. समजा, नुसते चाचणीचेच आकडे हाती असते. मग ‘ऑपरेटरना अजून सवय नाही’, ‘त्यांना बदल नको असतो’, ‘पुन्हा ट्रेनिंग द्या’ असं म्हणणं किती सोपं होतं! कागदावर कोष्टक मांडलं होतं म्हणून दोष नेमक्या एका कळेपर्यंत जाऊन पोचला. माणसाचं लक्ष, हात आणि स्मरण यांना ठरावीक मर्यादा आहेत, हे मान्य केलं तरच असा शोध घेता येतो.

आपल्या हातातल्या ॲप्समागे ही विद्या आहे, पण तिची ही बाजू आपण सहसा वापरत नाही. आजी पैसे पाठवताना तिसऱ्या स्क्रीनवर अडते, तेव्हा ‘तुला नाही जमायचं, आण इकडे’ म्हणून आपण फोन काढून घेतो. त्याऐवजी ती कुठल्या शब्दापाशी थांबली, हे एकदा शेजारी बसून बघावं. बहुतेक वेळा तिथे अडखळण्याजोगं काहीतरी खरंच असतं.