कणकण

कणकण म्हणजे ताप नव्हे. ताप येऊ घातल्याची, किंवा येऊन गेल्यावर अंगात उरलेली जाणीव म्हणजे कणकण. हात लावला तर कपाळ किंचित कोमट लागते, पण थर्मामीटर काखेत धरला तर पारा जेमतेम हलतो. डोळे चुरचुरतात, अंग मोडून येते, तोंडाला चव नसते. पडून राहावेसे वाटते आणि पडल्यावर चैन पडत नाही. कुणी बोललेले सोसत नाही. याच अवस्थेला मराठीत 'कसर' असेही म्हणतात: अंगात कसर आहे, रात्री कसर भरते. जुन्या वैद्यांचा शब्द 'ज्वरांश'. कसर हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मुळात त्याचे अर्थ मोडणे, तुकडा, अपूर्णांक असे आहेत. संस्कृतातला 'अंश' आणि अरबीतली 'कसर' दोन टोकांकडून एकाच कल्पनेवर येऊन थांबले आहेत: पुरता ताप नाही, तापाचा एक भाग.

कणकण मात्र कुठून उसनी घेतलेली दिसत नाही. फणफण, तणतण, सळसळ, तळमळ या द्विरुक्त शब्दांच्या कुळात ती बसते, आणि या कुळाचे वैशिष्ट्य असे की त्यातले कित्येक शब्द शरीर आणि मन अशी वाटणी करत नाहीत. माणूस तापाने फणफणतो आणि रागानेही फणफणतो. दुखण्याने तळमळतो, तसाच कुणाच्या वाटेकडे डोळे लावूनही तळमळतो. या सरमिसळीचे मूळ फार मागे आहे.

तापाचे सर्वात जुने भारतीय नाव 'तक्मन्'. ऋग्वेदात हा शब्द येत नाही. अथर्ववेदात तो एखाद्या नकोशा पाहुण्यासारखा वावरतो. पाचव्या कांडातल्या बाविसाव्या सूक्तात त्याला थेट संबोधून निघून जायला सांगितले आहे. भाऊ बलास नावाचा रोग, बहीण खोकला आणि चुलतभाऊ खरूज या साऱ्यांना घेऊन त्याने गंधार, मूजवंत, अंग, मगध अशा दूरच्या लोकांकडे जावे, असे ते मागणे आहे. तो माणसाला पिवळा करतो, आधी थंडीने कापवतो आणि मग भाजतो, एक दिवस सोडून तिसऱ्या दिवशी परत येतो. वाचणाऱ्याला आजचा हिवताप ओळखू यावा इतके हे वर्णन नेमके आहे. हिवतापातले 'हिव' म्हणजे हिम. तापाच्या नावातच थंडी ठेवणारी भाषा हे दुखणे जवळून पाहिलेल्यांचीच असणार.

पुढे तक्मन् हा शब्द मागे पडला आणि 'ज्वर' आला. धातुपाठात ज्वर् या धातूचा अर्थ केवळ 'रोग' असा दिला आहे; ज्वर हाच रोगांचा प्रमुख, ही समजूत त्यातून दिसते. चरकसंहितेच्या निदानस्थानाचा पहिलाच अध्याय ज्वराचा आहे. त्याच्या जन्माची कथाही चरकसंहितेत आहे: दक्षाच्या यज्ञाच्या वेळी रुद्राच्या क्रोधातून तो निपजला. एका देवाचा राग साऱ्या प्राण्यांच्या अंगात उष्णता होऊन उतरला, म्हणजे तापाच्या कुळाचा मूळ पुरुष एक मनोविकार ठरला. प्रत्येक प्राणी जन्मताना आणि मरताना ज्वरासह असतो, असेही चरक मानतो. हत्तीच्या ज्वराला पाकल आणि घोड्याच्या ज्वराला अभिताप अशी वेगळी नावेही वैद्यकात होती.

कणकणीच्या दृष्टीने खरे मोलाचे आहे ते त्याच अध्यायातले ज्वराचे 'पूर्वरूप', म्हणजे ताप येण्याआधीची लक्षणे. तोंड बेचव होणे, अंग जड होणे, जेवण नकोसे वाटणे, डोळे पाणावणे, जांभया, शहारे, दात आंबल्यासारखे वाटणे ही शरीराची लक्षणे त्यात आहेतच. ऊन, वारा, गारवा, आवाज हे घटकेत हवेसे आणि घटकेत नकोसे वाटतात, हेही टिपले आहे. पण यादी तिथे थांबत नाही. वडीलधाऱ्यांच्या बोलण्याचा राग येतो, लहान मुले नकोशी होतात, रोजच्या कर्तव्यांत लक्ष लागत नाही, फुलांचा आणि उटीचा त्रास वाटतो, गोड नको होते आणि आंबट, खारट, तिखट हवे होते. एरवी मायाळू असलेला माणूस पोरांवर खेकसू लागला की घरातली जाणती बाई त्याच्या कपाळाला हात लावून पाहते. ते निरीक्षण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका वैद्याने निदानाच्या यादीत घातले, हे या इतिहासातले सर्वात सुंदर पान आहे.

चिकित्सास्थानात चरक आणखी पुढे जाऊन ज्वराचे शारीर आणि मानस असे दोन प्रकारच करतो. मानस ज्वराची खूण तीन शब्दांत आहे: वैचित्त्य, अरति, ग्लानि. चित्त ठिकाणावर नसणे, कशातच मन न रमणे आणि गळून जाणे. हा मनाचा ताप तिथे रोगाचा प्रकार म्हणून मोजला आहे. मराठीत तोच शब्द 'मनस्ताप' होऊन रोजच्या बोलण्यात आला आणि त्याचे वैद्यकीय मूळ विसरले गेले.

'ताप' हा तप् या धातूपासून झालेला. फारसीत तापाला 'तब' म्हणतात, लॅटिनमध्ये कोमट म्हणजे 'टेपिडस'. हे सारे एकाच मुळाचे मानले जातात. हिंदीतला बुखार मात्र अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ वाफ. मराठीने ताप उचलला आणि त्याच्यापासून संस्कृतात घडलेला मनाचा एक अख्खा प्रदेशही सोबत आणला: संताप, परिताप, अनुताप, पश्चात्ताप. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात रामदासांनी आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक या तीन तापांना एकेक समास दिला आहे. डोक्याला ताप होणे, कुणी ताप देणे, माणूस तापट असणे ही बोलीतली रूपे त्याच घरातली.

साहित्याने ही संदिग्धता कथानकासाठी वापरली. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेच्या अंगाला वाळ्याचा लेप लावलेला असतो, मनगटात कमळाच्या देठाचे कंकण असते आणि दुष्यंताला प्रश्न पडतो की हे ऊन बाधल्याचे लक्षण की प्रेमाचे. ज्ञानदेवांच्या विरहिणीला तर शीतल चंदनच पोळतो.

एकोणिसाव्या शतकात थर्मामीटरमुळे शरीराच्या आणि मनाच्या तापांचे हे एकत्र कुटुंब विभागले गेले. पूर्वीचे थर्मामीटर लांब असत आणि त्यांचा आकडा स्थिर व्हायला बराच वेळ लागे. इंग्लंडमध्ये टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी 1860 च्या दशकात सहा इंच लांबीचा, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर आणला. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे 25,000 रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ 1868 मध्ये प्रसिद्ध केला आणि 37 अंश सेल्सियस हा निरोगी शरीराचा आकडा रूढ झाला. ताप हा रोग नसून लक्षण आहे, हेही त्यानंतर पक्के झाले. वैद्यकाचा फायदा मोठा झाला. मात्र आकड्यात न बसणाऱ्या कणकणीची साक्ष दुबळी ठरली. गंमत अशी की उपकरणाने मनासाठी एक वाक्प्रचारही दिला: रागावलेल्या माणसाचा पारा चढू लागला.

कणकणीची बाजू पुढच्या संशोधनाने सावरली. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी काही निरोपी प्रथिने रक्तात सोडतात. त्यांच्या परिणामाने मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि शरीराच्या उष्णतेची ठरलेली पातळी वर सरकते. समजा ती 39 अंशांवर गेली आणि अंग अजून 37 वरच आहे, तर ते अंग स्वतःला गार समजते. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, काटा येतो, हुडहुडी भरते. आकडा चढण्याआधीच माणसाला गोधडी हवीशी वाटते ती यामुळे. तीच प्रथिने भूक, झोप, एकाग्रता आणि मनःस्थिती यांवरही काम करतात. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक संशोधकाने 1988 मध्ये मांडले की आजारी जनावराचे मलूल होणे, खाणे टाकणे, कळपापासून दूर बसणे हा अशक्तपणाचा नुसता परिणाम नाही. संसर्गाशी लढण्यासाठी शक्ती राखण्याची ती शरीराची रीत आहे. मुले नकोशी वाटणाऱ्या चरकाच्या रुग्णाला इथे जागा मिळते.

वृत्तपत्रांतले निवडणूकज्वर आणि क्रिकेटज्वर हे ज्वराच्या कुळातले सर्वात धाकटे शब्द. इंग्रजी वळणावर घडलेले दिसतात आणि त्यांत दुखणे नाही, फक्त समूहाचा उत्साह आहे. जुन्या कामज्वरात आणि चिंताज्वरात एकटा माणूस खरोखर भाजत असे.

तो खरोखर भाजतो, हेही आता मोजले गेले आहे. तीव्र भावनिक प्रसंगात काहींचा ताप भराभर चढतो. दीर्घ ताणाखाली काहींना कित्येक आठवडे 37 ते 38 अंशांच्या दरम्यान बारीक ताप राहतो. जपानी वैद्यांनी अशा मनोजन्य तापाचा बारकाईने अभ्यास केला आहे. ही उष्णता प्रोस्टाग्लँडिनच्या वाटेने येत नाही, थेट मज्जातंतूंच्या आज्ञेने निर्माण होते. म्हणून तिच्यावर पॅरासिटामॉलची गोळी लागू पडत नाही. ताण हलका करावा लागतो. काम, शोक आणि भय यांतून आलेल्या ज्वरांवर चरकाने सांगितलेले उपचारही औषधी काढ्याचे नाहीत: धीर देणे, हवी ती गोष्ट मिळवून देणे, आनंदात ठेवणे. क्रोधाचा ज्वर प्रेमाने उतरतो आणि प्रेमाचा क्रोधाने, असेही त्याने तिथेच नोंदवून ठेवले आहे.