गर्भाशयमुखाचा टांका

गर्भाशयाचें मुख वेळेवर उघडलें नाहीं तर जसा अपाय होतो, तसाच तें अवेळीं उघडल्यानेंही होतो. जुन्या व्रणामुळें, शस्त्रक्रियेमुळें किंवा उतारवयांत तें आकसून बंद झालें, म्हणजे आंत रक्त वा अन्य द्रव सांचून राहतो. येथें उपचार सरळ आहे: मुख रुंद करून सांचलेलें बाहेर काढावयाचें, आणि उतारवयांत कर्करोगाची शंका फेडून घ्यावयाची. दुसऱ्या विकाराचें कोडें मात्र अधिक अवघड, आणि त्याच्या उलगड्यांत मुंबईचा वांटा मोठा आहे.

पहिले महिने सुखरूप जातात. पुढें चौथ्या ते सातव्या महिन्यांत, फारशा वेणा न येतां, मुख सैल पडतें, गर्भोदकाची पिशवी त्यांत उतरते आणि फुटते. हें एकाच स्त्रीच्या वांट्यास पुनःपुन्हा यावें! गिरगांवांत काय, लालबागेंत काय, बोल लागे तो तिच्या नशिबाला, नाहीं तर कोणाच्या दृष्टीला. वैद्यकाजवळही विश्रांति आणि संप्रेरकें यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) हे गोव्यांतील शिरोड्याचे. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते प्राध्यापक होते. त्यांनीं दोष मुखाच्या दुबळेपणांत पाहिला. हा दुबळेपणा कोणास जन्मतःच असतो, कोणास बाळंतपणांतील चिरेमुळें येतो. तर कधीं मुख रुंद करतांना झालेल्या जबरदस्तीमुळें येतो. म्हणजे एका विकारावरील उपायच दुसऱ्याचें कारण! मूत्राशय वर सारून, त्या स्त्रीच्याच मांडींतील चिवट आवरणाची पट्टी त्यांनीं मुखाच्या आंतल्या टोंकाभोंवतीं आवळून बांधली. बटव्याची नाडी ओढावी, तशी. ही रीत १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें मांडी कापण्याचें कारण उरलें नाहीं; कृत्रिम धाग्याची पट्टी आली. १९५७ सालीं मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनीं याहून सोपा टांका सांगितला. तरीही जगभर वैद्यकीय ग्रंथांत शिरोडकरांचें नांव या टांक्याशीं जोडलेलें आहे.

प्रत्येक गर्भपातावर हा उपाय नव्हे. रक्तस्राव चालूं असतां, पाणी फुटलें असतां किंवा आंत संसर्ग झाला असतां टांका घालीत नाहींत. आतां सोनोग्राफीनें मुखाची लांबी मोजतां येते. पूर्वीं असा आघात सोसलेल्या स्त्रीची ती २५ मिलिमीटरांहून कमी भरली, तर टांक्याचा विचार होतो. पूर्वेतिहासावरूनच घालावयाचा झाल्यास तो बहुधा १२ ते १४ आठवड्यांच्या सुमारास घालतात, आणि ३६–३७ आठवडे झाले कीं काढतात. वेणा आधींच सुरू झाल्या, तर तो लगेच काढावा लागतो.