आष्टा आणि बाजारगावांतील चोरीचे दायित्व

आष्टा ज्या वाळवे तालुक्यात मोडते, तो १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. अशा बाजारगावी दुकान फुटल्यास नुकसान कोणी सोसावे, याविषयीची जुनी रीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालावरून कळते. चोराचा माग काढणे हे जागल्याचे कर्तव्य असे. माग शेजारच्या गावी पोचवून तेथील जागल्याची खात्री पटविली, म्हणजे त्याची जबाबदारी संपे. माग जेथे खुंटे, ते गाव भरपाईस बांधले जाई. जागल्याच्या ऐपतीबाहेरील रक्कम साऱ्या गावावर बसे. ही रीत अन्यायाची होय, असे एल्फिन्स्टन यांनीच म्हटले आहे. पूर्ण वसुलीही विशिष्ट प्रसंगीच होई. तथापि जागल्या व पाटील यांनी चोरास पाठीशी घालू नये, म्हणून हा धाक त्यांना आवश्यक वाटला.

पुढे १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पोलीस-पाटलाची कर्तव्ये ठरली. १८७२ च्या करार कायद्याने, दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याचे दायित्व सामान्य सुज्ञ माणसाने घ्यावयाच्या काळजीपुरते मर्यादित केले. निरपराध गावकरी दंडातून सुटला हे खरे. परंतु काळजी घेऊनही लुटल्या गेलेल्या दुकानदारामागे गावाची हमी उरली नाही.